तीन हिवाळ्यांची स्विस

नेकारसुल्ममधल्या मराठी मंडळींना एक कोडं बरेच दिवस सुटत नव्हतं. सत्यजित रेठरेकर मूळचा कराडचा, त्याची बायको ऊर्मिला साताऱ्याची, बिऱ्हाड जर्मनीत आणि तिघांचेही पासपोर्ट भारताचे. मग त्यांची अन्वी बर्फावर नाचायला उतरली की पाटीवर तिच्या नावाशेजारी स्वित्झर्लंडचा झेंडा कसा काय येतो?

"काहीतरी भानगड असणार," असं विभावरीकाकूंचं मत पडलं. काकू इथल्या मराठी मंडळाच्या कार्यवाह. कुणाकडे नवा सोफा आला आणि कुणाकडे जुनी सासू आली, हे काकूंना सामान गाडीतून उतरायच्या आत कळतं. त्यांनी गणपतीच्या आरतीनंतर ऊर्मिलाला कोपऱ्यात गाठलं आणि प्रसादाची वाटी पुढे करत विचारलं, "अगं, अन्वीचं तिकडे कुठे ठरवलंयत की काय?"

"ठरवलंय म्हणजे काय काकू, जोडीदार आहे तो तिचा."

काकूंच्या हातातली वाटी तिरकी झाली आणि शिरा ऊर्मिलाच्या पैठणीवर सांडला.

खुलासा अगदीच साधा निघाला. बर्फावरच्या नाचाला मुलगा आणि मुलगी अशी जोडी लागते. जोडीला देश एकच लागतो, आणि दोघांतला एक जण त्या देशाचा असला की बहुतेक स्पर्धांना तेवढं पुरतं. अन्वीचा जोडीदार फ्लुरिन काडोश हा स्वित्झर्लंडातल्या कूर गावचा. त्याच्याबरोबर नाचायचं म्हणून अन्वी स्विस. लग्नानंतर मुलीला सासरचं आडनाव लागावं, तसा तिला जोडीदाराचा देश लागला होता.

"एवढंच होय?" काकू म्हणाल्या. बिचाऱ्यांची निराशा लपता लपेना.

आता या सगळ्या प्रकरणात सगळ्यांत कमी काम कुणाला असेल, तर ते सत्यजितला. नाचणार अन्वी, तिला उचलणार फ्लुरिन, ओरडणार प्रशिक्षक फ्राऊ ड्रेशर आणि डबे भरणार ऊर्मिला. सत्यजितने फक्त गाडी चालवायची आणि आइसहालच्या काचेमागे कोट घालून बसायचं. गाड्यांच्या कारखान्यातही त्याचं काम असंच, लांबून बघण्याचं. गाडीचं दार लावल्यावर दार आणि चौकट यांच्यात जी बारीक फट उरते, ती वरपासून खालपर्यंत सारखी आहे की नाही, हे बघण्यात त्याची उमेदीची वर्षं खर्ची पडली. माणूस अंगाने ताडमाड. कराडला कॉलेजात त्याला शिडी म्हणत. स्वभावाने मात्र असा भिडस्त की पहिल्या विचारण्याला त्याने जन्मात कधी 'हो' म्हटलं नाही. लग्नानंतर साताऱ्याला सासुरवाडीत "नको, पोट भरलंय" म्हणत म्हणत त्याने एकेका बैठकीला पुरणपोळ्यांचा ढीग संपवला होता. कारण पहिलं 'नको' हे मानपानाचं, दुसरं सवयीचं. तिसऱ्याला ताट पुढे करायचं, हा त्याच्या घरचा शिरस्ता.

जर्मनीत आल्या आल्या एका सहकाऱ्याने त्याला घरी बोलावलं आणि केक पुढे केला. सत्यजित म्हणाला, "नको, नको." केक उठला आणि थेट फ्रीजमध्ये गेला. सत्यजित उपाशी घरी आला. त्याने ही गोष्ट मंडळात चार वेळा तरी सांगितली असेल आणि चारही वेळा लोक हसले. पण सांगणारा त्यातून काही शिकला असेल, तर शपथ.

अन्वीला बर्फाचं वेड लागलं ते वर्गातल्या एका मुलीच्या वाढदिवसामुळे. सगळी पोरं आइसहालमध्ये नेली होती. लहान मुलांना तोल सावरायला तिथे प्लास्टिकचे पेंग्विन देतात. त्यातला एक पेंग्विन सत्यजितने दोन्ही हातांनी घट्ट धरला होता, आणि अन्वी त्याला वळसे घालत होती. तिला तसं बघून कठड्यापाशी उभ्या असलेल्या फ्राऊ ड्रेशर म्हणाल्या, "ही उड्या मारणाऱ्यांतली नाही, अंगाने लांब आहे. पण हिला संगीत पायांनी ऐकू येतं. हिला नाचाला घाला."

नाचाला घातलं. पोरगी चांगली निघाली. मग सगळ्यांचं अडतं तिथेच येऊन घोडं अडलं. या खेळात मुली पायलीच्या पन्नास आणि मुलगे औषधाला. जोडीदार शोधायची एक वेबसाइट असते. ऊर्मिलाने ती उघडली आणि ओरडली, "अहो, इकडे या! हे तर आपलं वधूवर सूचक मंडळ!"

खरोखरच तसंच होतं. उंची, वजन, वय, उभा फोटो, आडवा फोटो, परगावी राहायची तयारी आहे का, आधीची जोडी होती का, असल्यास का मोडली. नव्हतं ते फक्त गोत्र.

त्यातून फ्लुरिनचं स्थळ आलं. पोरगा सतरा वर्षांचा, सोनेरी केसांचा, लाजरा, उंचीला बेताचा, पण बर्फावर असा सरके की जणू लोण्यात सुरी. आईला घेऊन अन्वीबरोबर नाचून बघायला यायचा होता. ऊर्मिला पहाटे उठून पोह्याला लागली.

"अगं, आइसहालमध्ये पोहे?" सत्यजित म्हणाला.

"बघायला येतायत ती माणसं. कॉफीच्या यंत्रावर बोळवण करू का त्यांची?"

पोरं बर्फावर गेली. वर कँटीनमध्ये फ्लुरिनच्या आई फ्राऊ काडोश पोहे खात बसल्या. दाणे त्यांनी आवडीने खाल्ले आणि मिरच्या बशीच्या कडेला सैनिकांसारख्या ओळीने लावल्या. मग काचेतून खाली बघत त्यांनी विचारलं, "मुलगी अजून वाढेल?"

सत्यजितने बसल्या जागी गुडघ्याला बाशिंग बांधलेलं होतं. तो उठून उभा राहत म्हणाला, "छे छे! वाढ आता थांबलीच म्हणायची."

फ्राऊ काडोशनी त्याच्याकडे पायापासून बघायला सुरुवात केली. डोक्यापर्यंत पोचायला त्यांना अंमळ वेळ लागला.

खालून फ्राऊ ड्रेशरनी अंगठा वर केला. "पास्ट!" फ्राऊ काडोश म्हणाल्या. पास्ट म्हणजे जमतंय. जर्मन माणूस हा शब्द बुटालाही लावतो. आज पायात बसला तर पास्ट. उद्या चावला तर दुसरा बघतो, त्यात बुटाने वाईट वाटून घ्यायचं कारण नसतं. हे सत्यजितला कोण सांगणार? त्याने पार्किंगमधूनच कराडला फोन लावला.

"आई, ठरलं!"

"बरं झालं बाई," आई म्हणाली. "मुलगा करतो काय?"

फ्लुरिन आठवड्याचे दिवस रेठरेकरांच्या माळ्यावरच्या खोलीत राहू लागला आणि शनिवार-रविवार कूरला जाऊ लागला. ऊर्मिलाने त्याला पहिल्याच आठवड्यात 'काकू' म्हणायला शिकवलं. दुसऱ्या आठवड्यात तो स्वतःहून 'बास' म्हणायला शिकला, पण त्याचा ऊर्मिलावर काही परिणाम होत नसे. दिवाळीत त्याने अन्वीचं बघून दोघांना वाकून नमस्कारही केला. नाचणाऱ्याचं अंग ते, असा सुरेख वाकला की ऊर्मिला हरखली. "बघ," ती अन्वीला म्हणाली, "नाहीतर तू. नमस्कार करतेस की खाली पडलेली पेन्सिल उचलतेस?"

अन्वी मराठी सगळं समजायची आणि उत्तर जर्मनमध्ये द्यायची. "या, या, ममा," ती म्हणाली, म्हणजे हो गं हो, आणि फ्लुरिनकडे बघून तिने डोळे फिरवले. तो हसला. या दोघांत विभावरीकाकूंना हवी असलेली भानगड कधीच नव्हती. बर्फावर एकमेकांच्या गळ्यात पडणारी ही पोरं घरी शेवटच्या थालीपिठावरून भांडत.

पहिल्या हिवाळ्यात ती शेवटून दुसरी आली, तीसुद्धा शेवटची जोडी आपटली म्हणून. दुसऱ्या हिवाळ्यात मात्र पोलंडमधल्या एका ज्युनिअर स्पर्धेत त्यांना तिसरा नंबर मिळाला. पदक घेताना वर स्वित्झर्लंडचा झेंडा चढला आणि खाली अन्वी रेठरेकरने छातीवर हात ठेवला. काचेमागे सत्यजित इतका रडला की शेजारच्या पोलिश बाईने रुमाल पुढे केला. त्याने आधी नको म्हटलं. बाईने रुमाल परत पर्समध्ये ठेवला.

मंडळाने शाल-श्रीफळ दिलं. विभावरीकाकूंनी भाषण केलं, "आपल्या कराडच्या लेकीने स्वित्झर्लंडचं नाव उज्ज्वल केलं." आणि भाषण संपवून खाली उतरता उतरता ऊर्मिलाच्या कानाला लागल्या, "गं, फोटोत पाठ उघडी दिसते ती कातडीच्या रंगाच्या कापडाची आहे ना? कापडच ना? मी आपली सगळ्यांना कापडच सांगितलंय हो."

आणि मग अन्वी वाढू लागली.

पोरगी वाढते यात नवल ते काय? आपल्याकडे तर पोरं उंच व्हावीत म्हणून आईबाप दाराच्या चौकटीला लोखंडी दांडा ठोकून त्यांना लोंबकळवतात. सत्यजितनेही अन्वी लहान असताना तेच केलं होतं. "लटक गं, उंची वाढते," असं रोज सकाळी म्हणायचा. दर वाढदिवसाला औक्षण झालं की तिला स्वयंपाकघराच्या दाराशी पाठ लावून उभी करायची आणि चौकटीवर पेन्सिलची रेघ मारायची, ही त्या घराची रीत. खालून वर चढत गेलेल्या त्या रेघा तो आल्यागेल्याला कौतुकाने दाखवी. स्थळ बघताना उंची ही जमेची बाजू, हे त्याच्या हाडात मुरलेलं.

पण या नाचात मुलगा मुलीहून चांगला उंच हवा. तिला कवेत घेऊन तो वळतो, तिला मांडीवर, पाठीवर तोलून धरतो, तेव्हा चित्र एक दिसायला हवं. फ्लुरिनची उंची थांबून वर्ष झालं होतं. अन्वीचं डोकं त्याच्या हनुवटीपासून निघालं, नाकाशी आलं आणि भुवयांकडे सरकू लागलं.

ऊर्मिलाने उपाय सुरू केला. अन्वीचं तूप बंद केलं आणि ते सगळं फ्लुरिनच्या पानात ओतलं. डिंकाचे लाडू, खारीक, दूध. जुना लोखंडी दांडा माळ्यावरच्या खोलीच्या दारात गेला.

"लटक, बाळा."

"काकू, मी एकोणीस वर्षांचा आहे."

"म्हणून काय झालं? आमचा एक मामेभाऊ एकविसाव्या वर्षी वाढला."

बिचारा लटकायचा. काकूंचं मन मोडवत नव्हतं त्याच्याने. दोन महिन्यांनी फ्राऊ ड्रेशरनी सत्यजितला बाजूला घेतलं. "तुमच्या घरी त्याला काय खायला घालता? पोरगा उंच होत नाहीये, रुंद होतोय."

ऑक्टोबरात अन्वीचा सोळावा वाढदिवस आला. औक्षण झालं, सत्यजित पेन्सिल घेऊन दाराशी गेला. अन्वी चौकटीला पाठ लावून उभी राहिली. तिने त्या दिवशी घोळदार पायजमा घातला होता. सत्यजितने पेन्सिल तिच्या डोक्यावर टेकवली, आणि त्याची नजर सहज खाली गेली. पायजम्याच्या आत गुडघे वाकलेले होते. अगदी थोडे. फ्राऊ ड्रेशर वर्षानुवर्षं ओरडत आल्या होत्या, "क्नी! गुडघे वाकव अन्वी, गुडघे!" तसेच मऊ वाकलेले, शिकवल्यासारखे. आणि ती समोर भिंतीकडे बघत होती, कुठेतरी परीक्षा चालली असावी तशी.

केसभर फटीवरून गाडी मागे धाडणारा हा माणूस. त्याने तिथेच, त्या खोट्या उंचीवर, रेघ मारली.

"फार नाही वाढलीस," तो म्हणाला.

"नाइन," अन्वी म्हणाली, म्हणजे नाही. मग केकवर तुटून पडली.

तिसरा हिवाळा असाच वाकल्या गुडघ्यांनी गेला. कार्यक्रम बरा बसे, पण अन्वीला उचलून घेताना फ्लुरिनचे ओठ पांढरे पडत. झेक सरहद्दीजवळच्या एका स्पर्धेत तिला पाठीवर घेऊन फिरताना त्याचा पाय घसरला आणि दोघं कठड्यापर्यंत गेली. लागलं कुणाला नाही. दोघं उठली, उरलेला नाच हसत पुरा केला, आणि नंबर नाव घेण्यासारखा राहिला नाही. एका परीक्षकाने फ्राऊ ड्रेशरना नंतर कॉफी पिता पिता सांगितलं, "मुलगी उत्तम, मुलगा उत्तम. चित्र जुळत नाही." फ्राऊ ड्रेशरनी ते जसंच्या तसं सत्यजितला सांगितलं. जर्मन लोकांना वाईट बातमीत साखर घालायची सवय नाही. सत्यजित काय करणार? दाराची फट वाढली तर बिजागरी सरकवता येते. पोरीला बिजागरी कुठून आणायची?

आणि अशात, जानेवारीत, तो कारखान्याच्या कँटीनमध्ये बटाटे चिवडत बसला असताना बर्लिनहून फोन आला. तिथल्या एका प्रशिक्षकाचा. त्याच्याकडे एक जर्मन मुलगा होता, योनास नावाचा, उंच, खांद्याने भक्कम. त्याच्या जोडीदारिणीने गुडघ्याच्या दुखण्यामुळे खेळ सोडला होता. "फ्राऊ ड्रेशरनी तुमच्या मुलीबद्दल सांगितलं. घेऊन या तिला, नाचवून बघू."

सत्यजितला हेच हवं होतं. महिनाभर रोज गाडी चालवताना तो मनात हेच मागत होता. पण माळ्यावर फ्लुरिन राहत होता, त्याच्या पानात तूप पडत होतं. एका घरी शब्द गेलेला असताना मुलगी दुसऱ्या घरी दाखवायला न्यायची? तीही पहिल्याच फोनला, धावत? समोरचा काय म्हणेल, यांना घाई झालीय?

त्याने घसा साफ केला आणि कराडच्या पाच पिढ्यांना शोभेल अशा आवाजात सांगितलं, "आपला आभारी आहे. पण आम्ही फ्लुरिनच्या घरच्यांना शब्द दिलेला आहे. त्यामुळे नाही."

"आल्झो गुट, ठीक तर," बर्लिनचा माणूस म्हणाला. "वाईट वाटलं. शुभेच्छा." आणि फोन ठेवला.

घरी येऊन त्याने ऊर्मिलाला सांगितलं. तीही त्याच घडणीची. "बरं केलंत. एकदम हो म्हटलं की किंमत राहत नाही. करतील हो परत फोन. एवढ्या उंचीची, एवढी नाचणारी मुलगी त्यांना दुसरी कुठे मिळतेय?"

"पुन्हा विचारलं तर बघू म्हणू."

"आणि तिसऱ्यांदा विचारलं तर जाऊन येऊ. फ्लुरिनच्या आईच्या कानावर घालून."

"अन्वीला सांगायचं?"

"इतक्यात नको. पोरीचं मन कशाला हलवायचं?"

असं ते ठरलं. सत्यजित फोन उशाशी घेऊन झोपू लागला. आंघोळीला जाताना बायकोच्या हातात देऊ लागला. एकदा मीटिंगमध्ये बर्लिनचा नंबर दिसला म्हणून तो खुर्ची पाडून बाहेर पळाला. ती निघाली एक विमा विकणारी बाई. संक्रांतीच्या सुमाराला फोन घणघणला तेव्हा विभावरीकाकू होत्या. "तिळगूळ कुणाकडून मागवायचा रे यंदा?" फेब्रुवारी गेला. मार्चही गेला. बर्लिन गप्पच.

एप्रिलमध्ये, मोसम संपल्यावर, फ्राऊ काडोश गाडी घेऊन आल्या. सोबत त्यांच्या गावचा अक्रोडाचा मोठा केक. ऊर्मिलाने चहा टाकला. फ्राऊ काडोश स्वयंपाकघरातल्या टेबलाशी बसल्या आणि कशालाही वळण न देता म्हणाल्या, "फ्लुरिनने झ्युरिकच्या एका मुलीबरोबर नाचून बघितलं. ती लहानखुरी आहे. छान जमतंय. तो आजच सामान हलवेल."

ऊर्मिलाच्या हातातली चहाची गाळणी तशीच राहिली.

"नाचून बघितलं? कधी?" सत्यजितने विचारलं.

"फेब्रुवारीत. फ्राऊ ड्रेशरना माहीत होतं. अन्वीलाही फ्लुरिनने तेव्हाच सांगितलं." त्यांनी दोघांच्या चेहऱ्यांकडे आळीपाळीने बघितलं. "तिने तुम्हाला सांगितलं नाही? आम्हाला वाटलं, तुम्हीही बघत असाल. बर्लिनहून फोन आला होता ना तुम्हाला?"

"आला होता," सत्यजित म्हणाला. "आम्ही नाही म्हटलं."

"का?"

"तुमच्यासाठी!" त्याचा आवाज चढला. "तुम्हाला शब्द दिला होता आम्ही!"

फ्राऊ काडोश खरोखर गोंधळल्या. बाई वाईट नव्हती. त्यांनी केकची सुरी खाली ठेवली. "पण आम्ही तर असा काही शब्द मागितला नव्हता, हेर रेठरेकर."

जिन्यावर पाऊल वाजलं. अन्वी उभी होती. फेब्रुवारीपासून आईबापांना वाईट वाटू नये म्हणून ही पोरगी गप्प राहिली होती, आणि तिचं मन हलू नये म्हणून जानेवारीपासून आईबाप गप्प होते. घरात एवढी माया होती की खरं बोलायला जागाच उरली नव्हती.

"बर्लिन?" ती म्हणाली. "डु हास्ट नाइन गेझाग्ट?"

तू नाही म्हणालास? ती ओरडली नाही. ओरडली असती तर सत्यजितला ओरडता आलं असतं. त्याने मराठीत समजवायला तोंड उघडलं. "अगं, मला वाटलं ते परत..." पण हे वाक्य कुठल्याच भाषेत पुढे जाईना. अन्वी थोडा वेळ थांबली, त्याने वाक्य संपवावं म्हणून. मग वर निघून गेली.

तिच्या पाठोपाठ फ्लुरिन बॅग घेऊन खाली उतरला. डोळे लाल. "काकू," तो म्हणाला. त्याने बॅग ठेवली, ऊर्मिलाच्या पाया पडला. ऊर्मिला दोन्ही हातांनी त्याचं डोकं धरून रडू लागली. "नीट खा रे," एवढंच तिच्या तोंडून आलं. हे मराठीत, पण त्याला समजलं.

मग तो सत्यजितपुढे वाकला. त्याच सुरेख पद्धतीने, पाठ सरळ, हात पावलांवर. सत्यजित खाली त्याच्या सोनेरी केसांकडे बघत राहिला. शिव्या द्यायच्या तर कुणाला द्यायच्या? पाया पडलेल्या पोराला आशीर्वाद देतात, त्यात आपल्याकडे सूट नाही. त्याचा हात आपोआप वर गेला, पोराच्या डोक्यावर टेकला, आणि तोंडून निघालं, "यशस्वी हो."

तोंडून निघाल्यावर परत घेता येत नाही असलं ते वाक्य.

दुसऱ्या दिवशी त्याने मानपान गुंडाळून स्वतःच बर्लिनला फोन लावला. प्रशिक्षक सभ्यपणे बोलला. योनासला वोल्फ्सबुर्गची एक मुलगी मिळाली होती, केव्हाच. "तुम्ही नाही म्हणाला होतात, हेर रेठरेकर. अगदी स्पष्ट."

"हो. पण मला वाटलं, तुम्ही परत विचाराल."

मग त्या माणसाने मनापासून, कुतूहलाने विचारलं, "का?"

सत्यजितने आभार मानून फोन ठेवला.

अन्वीचं स्विसपण असं तीन हिवाळ्यांत उतरलं. फ्लुरिन गेला, झेंडा गेला. दुसऱ्या देशाकडून उतरायचं तर आधी त्या देशाचा मुलगा हवा, मग देश बदलताना सक्तीने थांबायचा काळ, आणि तो संपेपर्यंत ज्युनिअरचं वय उलटत येणार. वेबसाइटवर तिचं नाव परत चढलं. उंची खरी लिहिली. उन्हाळाभर एकही विचारणा आली नाही. तिकडे झ्युरिकच्या मुलीबरोबर फ्लुरिन पहिल्याच स्पर्धेत दुसरा आला. कराडकरांचा आशीर्वाद वाया जात नाही म्हणतात.

गणपतीत विभावरीकाकू भेटल्याच. "मग गं, आता अन्वी कुठली म्हणायची?"

"सध्या घरचीच आहे, काकू," ऊर्मिला म्हणाली. वाटी स्वतःच उचलून ती पुढे गेली.

अन्वीने बर्फ सोडला नाही. सत्यजित तिला नेत राहिला, काचेमागे बसत राहिला. ती जोडीचा नाच एकटीच करायची. डावा हात हवेत, जिथे फ्लुरिनचा खांदा असायचा तिथे. उजवा हात पुढे, कुणाच्या तरी हातात दिल्यासारखा. वळणावर ती मागे झुकायची, आणि तिथे धरायला कुणी नसल्याने स्वतःच स्वतःला सावरायची. "क्नी!" फ्राऊ ड्रेशर ओरडायच्या. ऊर्मिला सवयीने अजून दोन डबे भरत होती. फ्लुरिनचा डबा सत्यजित पार्किंगमध्ये गाडीत बसून खायचा आणि रिकामा घरी न्यायचा. त्यावर नवरा-बायको कधी बोलली नाहीत.

बर्लिनच्या फोनबद्दलही घरात पुन्हा विषय निघाला नाही. अन्वी बापाशी वाईट वागली असती, तर त्याला बरं वाटलं असतं. ती चांगलीच वागत होती. गाडीतून उतरताना रोज "डांकं, पापा" म्हणत आभार मानायची.

ऑक्टोबरात तिचा वाढदिवस आला. ऊर्मिलाने औक्षण केलं, साखर भरवली. सत्यजितने यंदा पेन्सिल काढली नव्हती. ती फ्रीजवरच्या डब्यात कुठे आहे हे त्याला पक्कं ठाऊक होतं आणि तो मुद्दाम तिकडे बघत नव्हता. केक कापून झाला. तो बश्या गोळा करू लागला.

अन्वी उठली आणि जाऊन दाराच्या चौकटीला पाठ लावून उभी राहिली.

"मिस माल, पापा," ती म्हणाली. मोज.

"राहू दे गं," सत्यजित म्हणाला. "यंदा नको."

बोलून झालं आणि त्याचं त्यालाच ऐकू आलं. ऊर्मिलाने त्याच्याकडे पाहिलं. आता पोरगी "बरं" म्हणेल, बाजूला होईल, आणि संपलं. पण अन्वी तिथून हलली नाही.

"मिस, पापा," तिने पुन्हा म्हटलं.

त्याने पेन्सिल आणली. ती तोकड्या पँटवर होती, गुडघे उघडे. टाचा चौकटीला टेकलेल्या, पाय काठीसारखे सरळ. वर्षभर कुणीतरी दाबून धरलेली स्प्रिंग सुटावी तशी ती उभी होती. सत्यजितला पेन्सिल टेकवायला हात चांगलाच वर न्यावा लागला. त्याने रेघ मारली. ती बाजूला झाली तेव्हा गेल्या वर्षीची रेघ आणि ही रेघ यांच्यात चांगलं पाच बोटं कोरं लाकूड होतं. एका वर्षात एवढं कुणी वाढत नाही, हे घरातल्या तिघांनाही माहीत होतं.

अन्वीने मान वळवून ते अंतर पाहिलं. बोट ठेवून पाहिलं. मग तिने खोलीतून स्केटची बॅग आणली, खांद्याला लावली आणि बाहेरच्या दाराशी जाऊन थांबली. सरावाची वेळ झाली होती.

"अहो, डबा," ऊर्मिला म्हणाली.

तिने दोन भरले होते. सत्यजितने दोन्ही उचलले आणि किल्ली घेऊन पोरीच्या मागे निघाला.